पुढं काय झालं

दादाच्या वहीत सहा रकाने होते. गाडी, धनी, मेस्त्री, काय केलं, कुठं दिसली आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत रुंद आखलेला, ‘पुढं काय झालं’. पहिले पाच तो गाडी दिसली त्याच दिवशी भरायचा. सहावा मोकळा सोडायचा. तो भरायला कधी दोन वर्षं लागत, कधी दहा.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तो स्टोअरकीपर होता. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, हे दिवसभर कार्डांवर उतरवायचं. संध्याकाळी सुटला की लूनावरून सरळ शुक्रवार पेठेत घरी यायचं सोडून उद्यमनगरातून वळसा घालायचा. आई म्हणायची, “कारखान्याची वही लिहून पोट भरलं नाही वाटतं याचं. आता रस्त्याची लिहितोय.”

रस्त्याची म्हणजे बनवलेल्या गाड्यांची. ‘मॉडिफाय’ हा शब्द आमच्याकडं नंतर आला. आधी लोक ‘गाडी बनवली’ असंच म्हणायचे, जशी कारखान्यात ती बनलेलीच नव्हती. ‘काय बनवलीय गाडी, नाद खुळा!’ यातला नाद कुणाचा, धन्याचा की मेस्त्रीचा, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

१९९४ साली दादानं जुना याशिका एमएफ-२ कॅमेरा विकत घेतला. तो बावीसचा, मी चौदाची. छत्तीस फोटोंचा एक रोल तो महिनोन्महिने पुरवून वापरायचा. एका गाडीला एकच फोटो, फार आवडली तर दोन. रोल धुऊन आला की स्वयंपाकघरात फरशीवर बैठक बसायची. माझं अक्षर चांगलं म्हणून अल्बममधल्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं. शाईपेन, निळी शाई, खाली फूटपट्टी धरून. तो सांगायचा, मी लिहायची. गाड्यांतलं मला काडीचं कळत नव्हतं आणि आजही फारसं कळत नाही. पण ‘हेड फेसिंग’, ‘पोर्ट पॉलिश’, ‘फ्री-फ्लो सायलेन्सर’ हे शब्द माझ्या हाताला कवितेच्या आधी वळले.

एकदा मी मेस्त्रीचा रकाना गाळून चिठ्ठी लिहिली. जागा पुरत नव्हती. दादानं चिठ्ठी फाडली.

“परत लिव.”

“अरे, धन्याचं नाव आहे की. गाडीचं आहे.”

“गाडीवर कंपनीचं नाव असतंय. आरसी बुकात धन्याचं असतंय. मेस्त्रीचं कुठं असतंय, सांग की.”

मी परत लिहिली. त्या वेळी मला तो फक्त हट्ट वाटला.

उद्यमनगर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं की ही वसाहत म्हणजे कोल्हापूरचं दुसरं देवस्थान. अंबाबाईच्या देवळात कुंकवाचा वास, इथं लेथवर सोडलेल्या तेलपाण्याचा. कारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव इथं आजही मान लववूनच घेतात. शेतीला लागणारी ऑइल इंजिनं या गावात बनू लागली, त्यांना ओतकाम लागलं, ओतकामाला फाउंड्र्या लागल्या, फाउंड्र्यांना पॅटर्न, लेथ, बोअरिंग. या साखळीतून असे हात तयार झाले, ज्यांना ‘हा पार्ट मिळत नाही’ हे वाक्य अपमानासारखं लागायचं. मिळत नाही तर करू. म्हणून आमच्याकडची गाडी बनवण्याची तऱ्हा मुंबईसारखी नव्हती. मुंबईत बाहेरून आलेलं सामान बसवत. इथं सामानच घडवत.

सुरुवातीची बनवाबनवी गरजेची. पेट्रोल परवडत नाही म्हणून लष्कराच्या लिलावातली जीप डिझेल करायची. अँबेसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवायचं. फियाटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर असे, तो खाली फरशीवर आणायचा. वहीच्या पहिल्या चाळीस पानांत हेच आहे. पुढं वहीत मारुती आली आणि गरजेची हौस झाली.

१९९७ च्या मे महिन्यातली एक नोंद मला तोंडपाठ आहे, कारण त्या रात्री टॉर्च धरायला मी होते. हायवेला मागून चेपलेली एक एस्टीम कुणीतरी भंगारात घेतली होती. तिचं इंजिन मारुती ८०० मध्ये घालायचं होतं. आठशेचं मूळ इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. एस्टीमचं चार सिलिंडरचं, १२९८. बॉनेटखालची जागा मात्र तेवढीच. मेस्त्रींनी सुतळीनं मापं घेतली, फरशीवर खडूनं इंजिनाचा आकार काढला, मग त्याच्याभोवती गाडीचा आकार काढला आणि दोन्ही आकृत्यांकडं बिडी संपेपर्यंत बघत बसले. बॅटरीला पुढं जागा नव्हती, ती डिकीत गेली. रेडिएटरसाठी पुढची पट्टी कापून दोन बोटं पुढं घेतली. इंजिन ज्या पाट्यांवर टेकतं त्या पाट्या शेजारच्या लेथवाल्यानं रात्री साडेअकराला करून दिल्या, पैसे न घेता, पहिली चक्कर आपल्याला मिळावी या अटीवर. एका बाजूचा अ‍ॅक्सल अर्धा आठशेचा, अर्धा एस्टीमचा, मधे जोडलेला.

‘काय केलं’ या रकान्यात दादानं हे सगळं बारीक पेन्सिलीनं उतरवलं आहे. त्याखाली एक ओळ : ‘ब्रेक आठशेचेच ठेवले.’ या ओळीखाली त्यानं दोन रेघा मारल्या आहेत. सहाव्या रकान्यात वेगवेगळ्या तारखांना तीन नोंदी. ‘अ‍ॅक्सल तुटला, पन्हाळा रोड.’ ‘परत तुटला.’ आणि २००१ ची : ‘इंजिन काढलं. स्टॉक करून विकली. गारगोटी.’

‘स्टॉक’ या शब्दाची दादाच्या तोंडी गंमत व्हायची. कारखान्यात स्टॉक म्हणजे शिल्लक माल. गाड्यांत ‘स्टॉक करणं’ म्हणजे गाडी कंपनीतून आली तशी परत करणं, केलेलं सगळं उतरवून टाकणं. एकात आहे ते मोजायचं, दुसऱ्यात होतं ते पुसायचं. वही वाचताना लक्षात येतं की सहाव्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द हाच आहे. भंगार नाही, अपघात नाही. स्टॉक केली. बनवलेली गाडी मूळ किमतीलाही कुणी घेत नाही. लग्न ठरलं, पोर झालं, बापानं हिशोब मागितला, की धनी एका रविवारी मेस्त्रीकडं येतो. चाकं निघतात, सायलेन्सर निघतो, बकेट सीट निघते, सगळं वेगवेगळ्या हातांत जातं. संध्याकाळी दारात उभी राहते ती कुणाचीही असू शकेल अशी पांढरी मारुती. गाडी चालू असते, रस्त्यावर असते, आणि तरी ती गेलेली असते.

दादा हे सगळं का करतो, याची माझी एक समजूत होती. त्याला गाडी परवडत नव्हती म्हणून तो फोटोत बाळगतो. लग्नानंतर मी राजारामपुरीत राहायला गेले तरी ही समजूत तशीच होती. ती मोडली २००६ साली. दादानं जुनी मारुती ८०० घेतली आणि तिच्यात काहीएक बदललं नाही. साधी टेपसुद्धा बसवली नाही. उद्यमनगरातल्या मित्रांनी छळ-छळ छळलं. हा ढिम्म.

“मग एवढी वर्षं काय बघत होतास?” मी विचारलं.

“गाडी बघत नव्हतो गं. काम बघत होतो.”

आमच्या गावाला गाडीचा इतिहास नाही असं नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनाला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा दसरा चौकात तिला बघायला गर्दी लोटते. ती घेतली त्या काळी मेबॅकच्या गाड्या गिऱ्हाइकाच्या पसंतीची बॉडी चढवून मिळत. म्हणजे राजाची गाडीसुद्धा एका अर्थानं बनवून घेतलेलीच. तिचे फोटो दरवर्षी छापून येतात. दुसरं टोक आमच्या शेजारी इचलकरंजीत. शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडवली, वर्षानुवर्षं तिच्यात सुधारणा केल्या, पण तिला कारखाना काही मिळाला नाही. ती आज लोकांना माहीत आहे ती मोजक्या कृष्णधवल फोटोंमुळं. ते फोटो कुणी काढले नसते तर शंकरराव हे एका कुटुंबाच्या बोलण्यात उरलेलं नाव झालं असतं. दादा या दोन टोकांच्या मधल्या माणसांच्या मागं होता. राजा नाही, संशोधक नाही, गॅरेजवाला. आमच्याकडं १९९८-९९ पासून गाड्यांची चकचकीत इंग्रजी मासिकं यायला लागली. दादा ती रद्दीवाल्याकडून वजनावर आणायचा. वाचून झाली की म्हणायचा, “मिरजकर तिकटीच्या पलीकडं काय यांची गाडी येत नाही.”

या कामांचा कागद उरत नाही याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी लपवणार नाही. यातलं बरंचसं नियमात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अधिक स्पष्ट केलं. इंजिन बदललं तर परवानगी घेऊन नोंद करायची असते. किती जण करतात? त्यामुळं जे काम अंगावर मिरवायचं ते कागदावर मात्र लपवायचं, अशी ही कला. रात्री अकराला गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरला मी स्वतः खिडकीतून शिव्या घातल्या आहेत. पोलीस अशा सायलेन्सरांची रास रचून त्यावर रोलर फिरवतात त्या बातमीनं मला वाईट वाटलं नाही. आणि ब्रेक आठशेचेच ठेवून एस्टीमचं इंजिन पळवणाऱ्या पोराच्या आईची मला आजही काळजी वाटते. पण चूक होती म्हणून ती घडलीच नाही असं वहीनं म्हणू नये, एवढंच. दादानं दोन रेघा मारल्या, पान फाडलं नाही.

नंबरप्लेटींचं तर एक वेगळंच पान होतं. इंग्रजी आकड्यांतला चार थोडा वळवला की ‘द’ होतो आणि एकाचा काना होतो, म्हणून ४१४१ म्हणजे ‘दादा’. २१४ चं ‘राम’, ४९१२ चं ‘पवार’. रंगवणारे पेंटर यात एवढे तयार की लांबून आकडा दिसायचाच नाही, नावच दिसायचं. नियमात हे कधीच बसत नव्हतं. पण एक अक्षर न लिहिता मराठी लिहायची ही युक्ती काढणाऱ्या माणसाचं डोकं मला मोठं वाटतं. २०२५ साली महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना ठसा मारलेल्या सरकारी पाट्या बसवायची धांदल उडाली आणि आमच्या गल्लीतला शेवटचा ‘दादा’ परत चार-एक-चार-एक झाला. त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. चोरीची गाडी सापडायला हवी. फक्त दादाच्या अल्बमात अशा ‘दादा’ पाट्यांचे अकरा फोटो होते, हे मला त्या दिवशी आठवलं.

होते.

पण अल्बम ज्या पुरात भिजले त्याकडं जाण्याआधी २००८ चा एक दुपारचा प्रसंग सांगते. मी माहेरी आले होते. दारात एक पोरगा उभा, विशीचा, हातात हेल्मेट. “तुमच्याकडं गाड्यांचे फोटो आहेत म्हणं.” दादानं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि दादा एकदम उठून आत गेला. त्या पोराचे वडील उद्यमनगरातले मेस्त्री. मगाशी सांगितलेलं एस्टीमचं इंजिन बसवणारे तेच. दोन महिन्यांपूर्वी गेले होते. घरात त्यांचा लग्नातला एक फोटो, रेशनकार्डावरचा एक, आणि काहीच नाही. काम करतानाचा तर नाहीच. गॅरेजमध्ये फोटो निघायचा तो गाडीचा. बनवणारा माणूस फोटोतून बाजूला व्हायचा, हात पुसत.

दादानं वही काढली. मेस्त्रीच्या रकान्यात ते नाव शोधत बोट खाली खाली आणलं. सत्तावीस गाड्या निघाल्या. मग अल्बम. सत्तावीस फोटोंत गाड्या होत्या, माणूस कुठंच नव्हता. पोरगा एकेक पान उलटत होता आणि दादा अपराध्यासारखा बसला होता. मग एका फोटोवर पोराचा हात थांबला. जिप्सी, बॉनेट उघडं. उजवीकडून एक हात आत आलेला, मनगटापर्यंतच, बॉनेटची काठी धरून. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, अर्ध्यात चिरलेलं.

“हे पप्पांचं नख.”

आईनं चहा आणला होता, तो तसाच राहिला. दादानं फोटो चिमट्यातून सोडवून त्याला दिला. निगेटिव्ह होती, दुसरी प्रत निघाली असती, पण त्यानं ती नंतर काढलीच नाही. अल्बममध्ये ती जागा रिकामी ठेवली. खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी तेवढी राहिली. त्यानंतर दादा फोटो काढताना सांगू लागला, “मेस्त्री, तुम्हीबी थांबा की.” बरेच जण लाजायचे. थांबले त्यांतल्या एकालाही हात कुठं ठेवायचे ते कळलेलं नाही, सगळ्या फोटोंत ते पाण्याखाली श्वास धरल्यासारखे उभे आहेत.

मोबाइलवर फोटो निघायला लागल्यावर मला वाटलं, दादाचं काम संपलं. आता सगळेच काढतात. रंकाळ्यावर रविवारी गाड्या लागल्या की एकेका गाडीसमोर दहा-दहा पोरं मोबाइल धरून. दादानंही चार वर्षं मोबाइलवर काढले. ते सगळे एका कार्डात होते, ते कार्ड एका दिवशी उघडेनासं झालं. संपला विषय.

ऑगस्ट २०१९. सुतारवाड्यात पाणी आलं, ते दरवर्षीच येतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तीही अनेकदा ओलांडली जाते. २००५ ला पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं, तीच आमची खूण. दादानं देव, कागदपत्रं, धान्य, टीव्ही वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात नेले. तिन्ही अल्बम, वही आणि निगेटिव्हचा पत्र्याचा डबा लाकडी कपाटाच्या डोक्यावर ठेवले आणि सगळे माझ्याकडं राजारामपुरीत आले. उंबऱ्याच्या हिशोबानं कपाटाचं डोकं म्हणजे पन्हाळा. पंचगंगा ५५ फुटांवर गेली. कपाट लाकडी होतं, ते तरंगलं आणि आडवं झालं.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ. निगेटिव्हच्या डब्याला गंज आणि आत राबडी. अल्बम फुगून विटेएवढे जाड झालेले. कुणीतरी सांगितलं, फोटो वाळू देऊ नका, वाळले की एकमेकांना धरतात. ओलेच स्वच्छ पाण्यात सोडा. माझ्या गच्चीवर सहा बादल्या मांडल्या. मी आणि दादा पाटावर बसून एकेक फोटो सोडवायचो. कोपऱ्याला नख लावायचं, पाण्याखालीच हळूहळू ओढायचं. काही अलगद यायचे. काहींचा रंग साय निघावी तसा निघून बोटाला लागायचा. एका लाल गाडीचा लाल माझ्या तळहातावर आला आणि कागदावर फक्त चाक आणि पलीकडचं पानाचं दुकान राहिलं. दोरीला चिमटे लावून फोटो वाळत घातले होते, कपड्यांसारखे. खालून जाणारा दूधवाला मान वर करून विचारायचा, “लग्नातले व्हय?”

चारशेच्या वर फोटो होते. दोनशे अठरा वाचले.

माझ्या चिठ्ठ्यांतली एकही वाचली नाही. निळी शाई पाण्याबरोबर गेली, कागदावर आभाळाचा एक डाग राहिला. फूटपट्टी धरून लिहिलेलं माझं सुंदर अक्षर. आणि दादाची वही, कोंबडीच्या पायाचं त्याचं ते अक्षर, पानं चिकटलेली, पुठ्ठा सुटलेला, पण पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं जसंच्या तसं. पेन्सिलीला पाणी काही करत नाही. स्टोअरमधल्या कार्डांवर तो कायम पेन्सिलीनंच लिहायचा, आकडा खोडायला बरा पडतो म्हणून.

तर एका बाजूला नाव नसलेले दोनशे अठरा फोटो आणि दुसऱ्या बाजूला फोटो नसलेल्या, पण नाव-गावासकट चारशे गाड्यांची वही. त्यांची गाठ घालून देणारं एकच डोकं उरलं होतं. पुढची पावणेदोन वर्षं आम्ही तेच केलं. दर रविवारी तो यायचा. मी फोटो हातात द्यायची. तो चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरायचा. चाकाच्या नटावरून, बंपरच्या वेल्डिंगच्या रेघेवरून, भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरवरून, सावलीच्या लांबीवरून ओळखायचा. “हे वेल्डिंग बघ. टाका सारखा पडलाय, माशाच्या खवल्यागत. हे एकच मेस्त्री करायचे.” मग वहीतलं पान काढायचं आणि मी फोटोबरोबरच्या कागदावर लिहायचं. पेन्सिलीनं. मधेच तो एखाद्या मेस्त्रीच्या घरी फोटो घेऊन जायचा, दोन तासांनी चहा पिऊन परत यायचा आणि सहाव्या रकान्यात एक ओळ वाढायची. बहुतेक ओळी आता माणसांच्याच असायच्या. गुडघे गेले. मुलानं गॅरेज विकलं. गेले.

मार्च २०२० नंतर हे फोनवर चाललं. मी फोटो पाठवायची, तो सांगायचा. मोबाइलच्या पडद्यावर त्याला वेल्डिंगचा टाका दिसायचा नाही, चिडायचा. “ते ठेव बाजूला. आल्यावर बघू.” बाजूला ठेवलेल्यांचं एक वेगळं पाकीट झालं.

मे २०२१ मध्ये दादा गेला. एकोणपन्नास वर्षांचा होता. करोना. आठ दिवसांत. पंचगंगेवर निरोप द्यायला कुणालाच जाता आलं नाही. त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

त्याची मारुती माझ्या दारात आहे. कंपनीतून आली तशी. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची कारखान्यातून बाहेर पडली. दादाची या दोन्हींच्या मधली, काहीच विशेष नसलेली. वही चाळताना मी एकदा शोधलं, तिची नोंद आहे का. आहे. शेवटून चौथं पान. गाडी : ८००, पांढरी. धनी : मी. मेस्त्रीच्या रकान्यात आडवी रेघ. काय केलं : आडवी रेघ. कुठं दिसली : घरी.

पाकिटात सदतीस फोटो आहेत. त्यांतले चौदा मी गेल्या चार वर्षांत उद्यमनगरात फिरून लावले. गॅरेजच्या दारात फोटो काढून दाखवला की आधी सगळे गाडीच सांगतात. मेस्त्रीचं नाव विचारलं की मग थांबतात, आत हाक मारतात, आतून कुणीतरी म्हातारा हात पुसत बाहेर येतो. तेवीस राहिलेत. त्यातला एक इथं सांगते, कारण त्यात गाडीबरोबर माणूसही आहे.

लाल झेन, बॉनेट काळं, जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली. पुढच्या चाकाची पाकळी एका बाजूला चेपलेली. मागं रंकाळा. संध्यामठ पुरता उघडा दिसतोय, म्हणजे पाणी खाली गेलेलं, उन्हाळा असावा. झेन १९९३ ला आली, आणि हा फोटो रोलवरचा आहे, म्हणजे मोबाइलच्या आधीचा. डाव्या कडेला निळ्या शर्टातला एक माणूस उभा आहे, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, चेहरा अर्धा पुरात गेलेला. उजव्या हातात एक पाना आहे आणि डावा हात कुठं ठेवावा हे न कळून त्यानं तो गाडीच्या टपावर ठेवला आहे.

ही गाडी तुमची असेल, तुमच्या भावाची, काकाची असेल, तर गाडीचा नंबर नाही सांगितला तरी चालेल. त्या माणसाचं नाव तेवढं सांगा.